बेंजोवाल्याचे कान

श्रावणीचा तिसरा मेसेज आला तेव्हा गुरुशांत जेवत होता, आणि हातातला घास त्यानं ताटात परत ठेवला. मेसेजात काही वावगं नव्हतं. उलट पोरगी फार अदबीची. ‘दादा, वाजवलंय एक नंबर. पण वरती अजून खूप टोचतंय. जमत नसेल तर प्लगिन न लावता नुसतं रेकॉर्डिंग पाठवा. आवाजाचं मी इकडं बघते.’ हे शेवटचं वाक्य त्याच्या छातीत जाऊन बसलं.

‘आवाजाचं मी बघते’ हे गुरुशांतला सांगणं म्हणजे आचाऱ्याला ‘तुम्ही नुसतं चिरून द्या, फोडणीचं आम्ही बघतो’ म्हणण्यासारखं होतं. गेली वीसेक वर्षं हा माणूस नवरंग बेंजो पार्टीत बेंजो वाजवत आला. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं आणि उजव्या हातात तारा छेडायची पट्टी, असं हे वाद्य. वरात असो, जयंती असो, गणपती असो, छोट्या टेम्पोवर कर्णे बांधायचे, त्यांच्या पुढ्यात उभं राहायचं आणि गल्ली हलवून सोडायची. बटणं दाबणारी बोटं सोलापुरात पैशाला पासरी मिळतात. आवाज मात्र गुरुशांतचा, असं लोक म्हणायचे. वरात दोन गल्ल्या पलीकडं असली तरी बायका भाकरी थापता थापता सांगायच्या, शेळगीचा गुरुशांत आलाय बघ.

लॉकडाऊनमध्ये वराती बंद पडल्या, तेव्हा हा गडी घरी बसून वेडा व्हायची पाळी आली होती. मग लॅपटॉप आला, व्हिडिओ बघून बघून गाणी बनवणं आलं, आणि एके दिवशी त्याला गिटारवाल्यांचं प्लगिन, म्हणजे लॅपटॉपात घालायचं एक सॉफ्टवेअर, सापडलं. गिटारवाला जे गाडीभर सामान घेऊन फिरतो, ते सगळं त्यात पडद्यावर चित्रासारखं मांडलेलं. पायानं दाबायची पेडलं, बटणांचा अ‍ॅम्प आणि शेवटी कापडी तोंडाची स्पीकरची पेटी, जिला ते लोक कॅब म्हणतात. गुरुशांतनं विचार केला, बेंजोला तारा गिटारच्याच चढवतो की आपण, मग गिटारचं औषध बेंजोला का लागू नये? त्यानं वायर जोडली आणि तार छेडली. त्या दिवशी तो जेवायलासुद्धा उठला नाही.

तेव्हापासून हंगाम नसला की तो घरीच ट्रॅक बनवी. खाली यंत्रातला ठेका, वर बेंजोची गर्जना. मंडळांची पोरं नंबर लावून उभी असत. आतल्या खोलीच्या चारी भिंतींना त्यानं सोलापुरी चादरी खिळ्यांनी ठोकल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. त्यातली एक बायकोच्या माहेरची होती. बायको अक्कलकोटची. त्यावरून जे काही बोलणं झालं, ते नवराबायकोत राहू द्यावं.

श्रावणी पुण्यात इलेक्ट्रॉनिक गाणी बनवणारी. आजोळ वैरागचं. मामेभावाच्या वरातीत तिनं बेंजो ऐकला आणि नंबर शोधून फोन केला. ‘दादा, माझ्या गाण्यात गिटार नकोय, तुमचा बेंजो हवाय. पण गिटारसारखा भरलेला, जाड.’ सोलापूरबाहेरचं, मिरवणुकीबाहेरचं, माणूस खुर्चीत बसून कानाला हेडफोन लावून ऐकेल असं त्याचं हे पहिलंच काम. त्यानं ते कुणाकुणाला सांगितलं म्हणण्यापेक्षा कुणाला सांगायचं ठेवलं, हे विचारावं.

आणि आता ती म्हणत होती, टोचतंय.

पहिल्या मेसेजला त्यानं वरची बटणं थोडी खाली घेतली. दुसऱ्याला आणखी थोडी. दुसऱ्या मेसेजात तिनं विचारलंही होतं, ‘कॅब बंद राहिलंय का?’ कॅब बंदच होतं. राहिलं नव्हतं, त्यानं मुद्दाम बंद केलं होतं. ती पेटी आवाजातले वरचे काटे छाटते म्हणतात. पण ती चालू केली की गुरुशांतला वाटे, बेंजोवर कुणीतरी गोधडी टाकली. बंद केली की आवाज मोकळा होई. मग बंद ठेवण्यात चूक काय? त्यानं तिला ‘बघतो’ एवढंच कळवलं आणि पेटी बंदच ठेवली.

खरं सांगायचं तर त्याला भीती वेगळीच वाटत होती. दोनएक वर्षं त्याच्या कानात एक रातकिडा मुक्कामाला होता. सगळं शांत झालं की तो सुरू व्हायचा. गेल्या थंडीत ताप आला तेव्हा मोजून झालं की बारीक वाजणारा थर्मामीटर तोंडात धरून हा नुसता बसून राहिला. शेवटी बायको, चंद्रिका, स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, कवाचं वाजायलंय ते, काढा की!” त्यानं काढलं आणि हसून म्हणाला, ताप डोक्यात गेला वाटतं. पण ते वाक्य म्हणतानाच त्यानं थर्मामीटर हळूच कानाजवळ नेऊन पाहिला होता.

आता रोज तेच चालू झालं. सकाळी उठला की आधी कानाजवळ दोन बोटं चोळून बघायची. ऐकू येतंय? येतंय. मग जरा लांब. येतंय की नाही? चंद्रिका बघते आहे असं वाटलं की कान खाजवल्याचं सोंग करायचं. लसूण घालून गरम केलेलं तेल कानात सोडून झालं. वायर बदलून झाली. दोष हेडफोनचा म्हणून पार्टीच्या मालकाचा, जोतीरामचा, हेडफोन आणून झाला. त्यातही आवाज तसाच, मोकळा, सुंदर. मग ही पोरगी म्हणते तरी काय? आणि तिचं खरं असलं तर? बेंजोवाल्याचे कान गेले तर मागं उरतं काय? वय एक्केचाळीस. दुसरं काहीच येत नाही. ज्या आवाजानं आपल्याला लोक ओळखतात तो आपल्यालाच नीट ऐकू येत नाही, हे बाहेर कळलं तर? कानाच्या डॉक्टरची पाटी त्याच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर होती. तिथं आला की तो गाडी जरा जोरात घेई.

तिसऱ्या मेसेजनंतर मात्र राहवेना. त्यानं ताट सारलं, लॅपटॉप काखेत मारला आणि तडक जोडबसवण्णा चौकाकडं निघाला. तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये पार्टीचा टेम्पो उभा असे आणि मालक जोतीराम दुपारी त्याच टेम्पोत आडवा असे. तो स्वतः ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवी. ताशावाला धुळाप्पाही तिथंच पान लावत बसला होता. गुरुशांतनं काही न सांगता लॅपटॉप उघडला आणि मोठ्या स्पीकरला जोडून ट्रॅक लावला.

जोतीराम उठून बसला. त्याची मान डोलायला लागली. धुळाप्पानं तर पानाच्या डब्यावरच ताशा धरला.

“काय बे, कडक हाय की हे!” जोतीराम ओरडला. तो नेहमी ओरडूनच बोलायचा. तिथले सगळेच तसे.

“वर टोचत न्हाय ना?” गुरुशांतनं विचारलं.

“काय?”

“टोचत न्हाय ना म्हनलं, कानाला!”

“टोचायला काय काटं हायेत का त्यात? उलट अजून जरा वरचं वाढीव की. काय धुळाप्पा?”

“लई ग्वाड,” धुळाप्पा म्हणाला. “असा आवाज निघाला न्हवता आजवर.”

गुरुशांतला हायसं वाटलं. एक नाही, दोन माणसं, आयुष्य वाजवण्यात घालवलेली, आणि दोघांचं मत एक. म्हणजे खोट आपल्यात नाही, पुण्यात आहे. भीती गेली की माणसाला राग यायला वेळ लागत नाही. तिथंच उभ्या उभ्या त्यानं श्रावणीला लिहिलं, ‘आमच्या पार्टीतल्या जाणत्या लोकांनी ऐकलं. कुणालाच टोचत नाही. आम्ही वीस वर्षं वाजवतोय. तुमचे कान एकदा दाखवून घ्या. नुसतं रेकॉर्डिंग मिळणार नाही.’ पाठवलं. जोतीरामला वाचून दाखवलं. जोतीराम म्हणाला, “बरं केलास.”

घरी येईपर्यंत राग ओसरला आणि धाकधूक परत आली. मेसेजपुढच्या दोन खुणा निळ्या झाल्या होत्या. उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. तो फोन उलटा ठेवी आणि लगेच सुलटा करी. चहा गार होई. पोरीला एवढं तोडून बोलायची गरज होती का? तिला ‘कान दाखवून घ्या’ म्हणालो. आपल्याला कुणी असं म्हटलं असतं तर?

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं स्वतःची समजूत काढायला खोलीतले स्पीकर लावले आणि तोच ट्रॅक मोठ्यानं वाजवला. छान होता. तो परत वाजवला. चहाची तलफ आली म्हणून हाक मारली, “चंद्रिका!” उत्तर नाही. ट्रॅक बंद करून पुन्हा हाक मारली. तरी नाही.

तो बाहेर आला. चंद्रिका घरी बसून शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम करी. शिलाई मशीन बंद होतं. ती दाराकडं पाठ करून खाली बसली होती आणि शर्टाला बटणं लावत होती. त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली, अगदी मागं उभं राहून. ती बटणं लावतच राहिली. त्याचा जीव चरकला. हिचेही कान? त्यानं खांद्याला हात लावला तशी ती दचकली, सुई बोटाला टोचली, “अय्यय्य!” म्हणून तिनं मान वळवली आणि आधी एका कानातला, मग दुसऱ्या कानातला कापसाचा बोळा काढला.

“काय हो? हाक मारलात?”

गुरुशांत त्या बोळ्यांकडं बघत राहिला. “हे काय?”

“काय न्हाय. तुमचं चालू असलं की घालते.”

“कवापासनं?”

“झालं की आता. दिवाळीच्या आधीपासनं.” तिनं बोट तोंडात धरलं. “शिवताना डोकं उठतंय हो. दातात कळ येती. म्हनून घालते.”

“मग सांगायचं न्हाय का?”

चंद्रिकाला खरोखरच प्रश्न कळला नाही. “काय सांगायचं? मला वाटलं, तुमचं गानं असंच असतंय.”

गुरुशांत तिथंच, गणवेशांच्या ढिगाशेजारी बसला. त्याला एकदम रडायला आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून तो उगाच शर्टांच्या घड्या मोजायला लागला. इतके महिने त्याच्या घरात, एका भिंतीपलीकडं, त्याची बायको कानात कापूस घालून बसत होती. आणि तो तिच्यासाठी म्हणून दार उघडं ठेवत होता.

मग त्यानं एक केलं, ज्याला तो दोन वर्षं भीत होता. तिला आत नेऊन खुर्चीवर बसवलं. लॅपटॉपमध्ये नुसता एक सपाट स्वर काढता येतो, शिट्टीसारखा, आणि बटण फिरवलं की तो हळूहळू वर चढतो. तो म्हणाला, “ऐकू येतंय तवर हात वर ठेव. बंद झालं की खाली घे.” तिनं शाळेतल्यासारखा हात वर केला. त्यानं बटण फिरवायला सुरुवात केली. स्वर चढला, बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि मग पाण्यात खडा बुडावा तसा गेला. बटण अजून अर्ध्यावरही आलं नव्हतं. पडद्यावरची रेघ थरथरत होती, म्हणजे आवाज निघत होता. चंद्रिकाचा हात वर होता.

तो फिरवत राहिला. खोलीत त्याच्यापुरतं काहीच वाजत नव्हतं, कानातला रातकिडा सोडून. चंद्रिकाचा हात वरच होता. तिनं तोंड वाकडं केलं, डोळे मिटले, पण हात काही खाली येईना. मधेच तिनं डोळे उघडले आणि नवऱ्याचं तोंड पाहिलं. मग मात्र तिनं घाईघाईनं हात खाली घेतला.

“गेला,” ती म्हणाली.

“खोटं बोलू नकोस.”

ती म्हणाली, “थर्मामीटरच्या वक्ताला मला वाटलंच होतं. पन तुमी हसलात, म्हनून मी बी हसले.”

त्या संध्याकाळी तिनं त्याच्याबरोबर बसून तो ट्रॅक दुरुस्त केला. म्हणजे बटण त्यानं फिरवलं आणि नजर तिच्या तोंडावर ठेवली. आधी त्यानं ती कापडी तोंडाची पेटी चालू केली. चंद्रिकाच्या कपाळावरची आठी तिथंच निम्मी गेली. मग वरचा आवाज तो एकेक पायरी खाली घेत गेला. तिच्या भुवया सैल झाल्या, दाबलेले ओठ सुटले. शेवटी ती तिच्या माहेरच्या कानडीत म्हणाली, “साकु. बस, आता पुरे.” आणि पाय हलवायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या वाजवण्यावर तिनं पाय हलवलेला त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्याला जे ऐकू येत होतं ते मात्र मेल्यासारखं होतं. लांब, कोंडलेलं, दुसऱ्या कुणाच्या तरी घरात वाजत असल्यासारखं. हा आपला बेंजो, हे त्याला बोटांवरून ओळखता येत होतं, कानांवरून नाही. त्यानं तेच पाठवलं. सोबत लिहिलं, ‘तुमचे कान ठीक आहेत. माझे गेलेत. बोललो त्याची माफी.’ पाठवायचं बटण दाबायला त्याला तो सगळा ट्रॅक बनवायला लागला नसेल एवढा वेळ लागला.

उत्तर लगेच आलं. आधी ट्रॅकबद्दल, ‘दादा, हाच!! अंगावर काटा आला.’ मग बऱ्याच वेळानं दुसरं, ‘डॉक्टरला दाखवा. प्लीज. आणि पुढचं गाणंही तुम्हीच करायचं, वहिनींना बसवून.’ चंद्रिकाला फार आनंद झाला. गुरुशांतलाही झाला. पण अंगावर काटा आणणारा जो आवाज श्रावणीनं ऐकला, तो आपल्याला कधीच ऐकू येणार नाही, हे त्या आनंदाच्या आतच बसलेलं होतं.

आठवडाभरात जोतीराम आणि धुळाप्पा गाडीवरून घरी आले, उत्साहानं फुललेले. जोतीराम दारातूनच ओरडत आत शिरला. “गुरू, ऐक! गणपतीला आवंदा दोन कर्णे वाढवायलोय. गेल्या वर्षी वरचं कमीच पडत होतं बघ. पार मुळमुळीत. आवंदा पाक वर न्यायचं!”

धुळाप्पानं मान डोलावली. “आन् तू सांगितलास ते कॅब का काय बंद असतंय, तसंच ठिवायचं. लई ग्वाड लागतंय.”

गुरुशांतच्या डोळ्यांपुढं ती मिरवणूक उभी राहिली. ते कर्णे, आणि त्यांच्यापुढं लेझीम खेळणारी पोरं, कडेला उभ्या बायका, कुणाच्या खांद्यावरची लेकरं. आजवर ती सगळी तोंडं त्यानं टेम्पोवरून पाहिली होती. काहीजण कानावर हात ठेवत, तेव्हा त्याला वाटे, दाद देतायत. सांगायचं कसं? त्यालाच ते मान्य करायला दोन वर्षं लागली होती, आणि ही दोघं त्याच्यापेक्षा जास्त वर्षं त्याच कर्ण्यांपुढं उभी होती. त्याची चूक एवढीच, की स्वतःचे कान तपासायला तो यांचे कान मागायला गेला.

“बसा,” तो म्हणाला. “आधी एक ऐकवतो.”

दोघं चादरीच्या भिंतीला टेकून बसले. गुरुशांतनं लॅपटॉप उघडला, तो शिट्टीसारखा स्वर काढला, बटण अर्ध्याच्या पुढं नेलं आणि आवाज वाढवला. मग हात मांडीवर ठेवून बसला.

जोतीराम वाट बघत होता. त्यानं खिशातली तंबाखू काढली, मळली, तोंडात टाकली. धुळाप्पा पडद्यावरच्या थरथरत्या रेघेकडं कौतुकानं बघत होता.

“चालू कर की बे,” जोतीराम म्हणाला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून चंद्रिका धावत आली. दोन्ही हात पिठाचे, आणि ते तसेच कानांवर दाबलेले. चेहरा कळवळून गेलेला. उंबऱ्यातच ती थबकली.

जोतीरामनं हसत तिच्याकडं पाहिलं. “काय झालं वयनी?”

ती नवऱ्याकडं बघत राहिली. जोतीरामचं हसू तसंच तोंडावर राहिलं. त्यानं लॅपटॉपकडं पाहिलं, स्पीकरकडं पाहिलं, मग धुळाप्पाकडं. धुळाप्पा आधीपासूनच त्याच्याकडं बघत होता.

“चालू हाय,” गुरुशांत म्हणाला. “मगापासनं चालूच हाय, जोती.”

चंद्रिका पुढं आली आणि पिठाच्या बोटानं तिनं आवाज बंद केला. तो बंद झाला, हे तिघा वाजवणाऱ्यांपैकी कुणाच्याच कानांना कळलं नाही.